खिळा

सहाव्या महिन्यात
उजवीकडची खालची दाढ जागी झाली.
आधी गार पाण्याला, मग चहाला,
मग कशालाच नाही, नुसतीच, रात्री दोनला.

सुभाषनगरात आमच्या गल्लीत
बायकांच्या दातांना कामं फार.
चपलेची वेणी विणायची तर
वादीचं एक टोक दातात,
ओल्या कातड्याची तुरट चव जिभेवर,
तीन पट्ट्या बोटांत.
ताण सुटला की वेणी सैल,
आणि सैल वेणी व्यापारी परत पाठवतो.
पाच आठवडे मी डाव्या दातांनी ओढत होते.

आक्का म्हणाल्या,
एका लेकरामागं एक दात जातोयच गं.
त्यात काय.
मला चार लेकरं.
आणि हसल्या, चारही खिडक्या उघड्या टाकून.
लवंग दिली. जीभ मेली,
दाढ मेली नाही.

उत्तमनं मेडिकलातनं गोळी आणली,
पाकीट फाडलं, पुन्हा मिटलं.
बाळाला चालंल का?
आमच्या घरात हे सगळ्यांनी एकमेकांना विचारलं,
विचारून परत आपापल्या कामाला लागले.
गाल इकडं लिंबाएवढा.

शेवटी केएमटीत बसले,
राजारामपुरीत उतरले.
आक्का पाठोपाठ, तोंडाला पदर लावून,
दुखणं जणू त्यांचंच.

मुजावर डॉक्टरीणबाईंनी आधी दाढ बघितलीच नाही.
कितवा महिना, कुठल्या गोळ्या चालू,
बीपी किती, चक्कर येते का.
मग माझ्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना फोन,
माझ्यासमोर.
दोघी माझ्याबद्दल बोलत होत्या
आणि मला पहिल्यांदा वाटलं
की पोट आणि तोंड एकाच बाईचं आहे.

फोटो काढायला शिशाचं एप्रन घातलं.
कातड्याचं वजन मला कळतं.
हे म्हशीच्या ओल्या कातड्याइतकं जड,
पण पोटावर ते टाकताना
त्या पोरीनं कडा अशा सारख्या केल्या
जशी दुपट्याची घडी.

उताणं नाही झोपायचं, बाई म्हणाल्या.
उजव्या बाजूखाली उशी सरकवली,
मी डावीकडं कलले.
सुईचं भ्या वाटतंय, मी म्हटलं.
या सुईनं बाळाला धोका नाही,
हा पू आत तसाच ठेवण्यात आहे.
दुखलं तर हात वर करा.

मशीन घुर्रर्र झालं.
माझा हात खालीच होता.
आतनं एक लाथ आली, एप्रन हललं.
बाई थांबल्या.
कुणीच काही बोललं नाही.
बाहेर रस्त्यावर एक फेरीवाला
बराच वेळ कांद्याचा भाव सांगत होता.
मग बाई म्हणाल्या, त्याचं झालं असेल तर
आपण पुढं जाऊ.

दाढ राहिली. नस तेवढी गेली.
दोन फेऱ्या अजून आहेत, बाळंत व्हायच्या आत.
गोळी कुठली घ्यायची, कुठली अजिबात नाही,
हे चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात.
उलटी झाली की लगेच ब्रश नाही,
आधी सोड्याच्या पाण्यानं चूळ.
आणि हो, दातात काय धरता तुम्ही?
मी सांगितलं.
बाईंनी पेन खाली ठेवलं.

घरी उत्तमनं चौकटीत खिळा ठोकला,
बसल्यावर माझ्या हनुवटीला येईल एवढ्या उंचीवर.
वादीचं टोक आता खिळ्याला.
वेणी तशीच येते,
खरं सांगायचं तर जरा घट्टच.

आक्का सांजच्याला तिथं येऊन बसल्या.
वादी अडकवली, ओढून बघितली,
पुन्हा ओढून बघितली.
जीभ गालाच्या आत फिरत होती,
एकेका मोकळ्या जागेवर थांबत.
मग म्हणाल्या, मला नव्हं, खिळ्याला,
एवढंच हुतं व्हय?