हॉर्न

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या वळणावर,
रात्री आठला पाळी सुटते.
बारा तास मागांच्या धडधडीत उभी राहिलेली माणसं
रस्त्यावर येतात, तेव्हा
त्यांच्या कानात कारखाना अजून चालूच असतो.

हे मला ठाऊक नव्हतं.
बावीस वर्षं टेंपो चालवला,
सुताची बाचकी आत, टॉवेलच्या गाठी बाहेर,
आणि समजत होतो, हॉर्न दिला की
अर्धं काम झालं;
उरलेलं अर्धं समोरच्यानं करायचं.

गड्ड्याची जत्रा आठ दिवसांवर आलेली.
थंडी, धूर, उसाचे ट्रॅक्टर,
दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे,
मागं ना दिवा, ना लाल कापड.
एक तर कडेलाच उभा, टायर फुटलेला,
दुसऱ्या चाकाला दगड.
मी हॉर्न दिला
आणि बाजूनं गाडी काढली.

उसाच्या पुढून आधी टॉवेल आला.
पांढरा, खांद्यावरून सोडलेला,
काठाची वीण चुकलेला सेकंड माल.
मग टॉवेलातली बाई.

पाय आपोआप ब्रेकवर गेला.
गाठी सरकल्या, केबिनला येऊन धडकल्या.
गाडी थांबली तिच्यापासून दीड हातावर.
(घरी सांगताना मी चार हात सांगितलं.)

ती पळाली नाही, ओरडली नाही,
तळहात माझ्याकडं करून उभी.
ओरडलो मीच, खाली उतरून,
"ऐकू येत नाही का? केव्हाचा वाजवतोय!"

तिनं माझ्या ओठांकडं पाहिलं.
"न्हाई येत," म्हणाली, साधंच.
"तीस वर्षं झाली मागावर.
तू वाजवतोस ते तुलाच ऐकू येतंय बे.
मला तुझा दिवा दिसतोय.
मी पण दिसावं म्हणून हे पांघरते."

भूदेवी वडनाल. नाव नंतर कळलं,
चहाच्या गाड्यावर.
माझा हात थरथरत होता, बशी सांडली.
पैसे तिनंच दिले.
तिच्या खात्यातल्या सगळ्याच बाया
पांढरं काहीतरी घेऊन निघतात,
कडेला थांबतात, आधी उजवीकडं बघतात,
ड्रायव्हरची मान हलली तरच पाऊल टाकतात.
आज ती ट्रॉलीमागून एक पाऊल जास्त आली होती.
"चुकलं माझं बी," म्हणाली,
आणि चाळीस पावलं मागं जाऊन,
दिव्याच्या खांबापाशी
रस्ता ओलांडून गेली.

पेपरात काही आलं नाही.
काय येणार?
बाई घरी पोचली, भाकऱ्या थापल्या,
नातवाला ओरडली,
याची बातमी होत नाही.

आता वळणाच्या बऱ्याच आधी,
पिराच्या लिंबापासूनच
मी गाडी हळू करतो.
कडेला ट्रक उभा असेल तर
त्याच्या पोटाखालून बघतो,
चाकांमधल्या अंधारात चपला हलतायत का.
चपला दिसल्या की
मागोमाग माणूस येतोच.

मालक म्हणाला, रोज दहा मिनिटं उशीर होतोय.
म्हटलं, लिहा माझ्या नावावर.

परवा सर्व्हिसिंगला मेकॅनिक म्हणाला,
हॉर्नची वायर तुटलीय, महिना तरी झाला असेल.
मला पत्ताच नव्हता.
जोडून घेतली.
पासिंगला लागते.