दुभाषी

लुलवाचा फोन आला तेव्हा मी कणीक भिजवत होते.
"तुमच्या भाषेची एक आलीय. येशील?"
येते म्हटलं. कणीक ताटलीखाली झाकली.
पत्ता विचारायचा नसतो, लिहायचा नसतो,
टॅक्सी दोन गल्ल्या आधी सोडायची असते.

मनामात ते घर बाकीच्या घरांसारखंच आहे:
गच्चीवर टाकी, एसीखाली ओघळाचा डाग,
दारात चपला.
फक्त त्यांत पुरुषाच्या मापाची एकही नाही.

हेमांगी. मूळची बार्शीची, आठ वर्षं इथं.
पहिलं वाक्य: "तसं काही नाही हो, ताई."
मी तेही अरबीत सांगितलं. काम आहे.
लुलवाने लिहून घेतलं नाही,
नुसता चहाचा पेला तिच्याकडे सरकवला.

बऱ्याच वेळाने: "हे कधीकधी हात उचलतात."
आता हात उचलणं.
इथं हात उचलतात तो दुआ मागायला.
म्हणून विचारावं लागलं, कशाने, कितीदा, कुठे.
भाषेने पदराखाली घेतलेलं
मला ओढून बाहेर काढावं लागतं,
ह्याची अजून सवय झालेली नाही.
"लाटणं वगैरे नाही हो. चार्जरची वायर."

आणि ते आदरार्थी बहुवचन!
"हे मारतात." "हे म्हणाले, जा कुठं जायचं ते."
"पासपोर्ट ह्यांच्या लॉकरमध्ये."
अरबीत शिरताच तो एकेरी झाला.
तिला कळलं नाही. मला कळलं,
आणि खोटं कशाला सांगू,
ते वाक्य मी जरा सावकाश म्हटलं.

"नांदणं"ला शब्द सापडला नाही.
"माहेर"ला "आईचं घर" म्हटलं,
तर लुलवा म्हणाली, मग तिकडे जाता येईल?
आई गेली चार वर्षांपूर्वी.
वहिनी म्हणते, दिवाळीला जरूर ये, चार दिवस.
ते "चार दिवस" मी नीट सांगितले.
लुलवाला समजले. तिलाही वहिन्या आहेत.

कोपऱ्यात ओवी, सात वर्षांची,
मोज्याचं इलॅस्टिक ओढून सोडत होती. चट्. चट्.
परवा रात्री ठाण्यात दुभाषी तीच होती.
शाळेतली अरबी: फळं, रंग,
डॉक्टरकडे गेल्यावर काय बोलावं तो धडा.
आई म्हणाली होती, "सांग त्यांना, गळा दाबला."
ओवीने सांगितलं, "आईचा घसा दुखतो."

टेबलापलीकडच्या बाईने वही मिटली,
उठून आली, ओढणी बाजूला केली,
आणि मग कुठलीच भाषा लागली नाही.

लुलवा बोलत राहिली, मी तिच्या मागोमाग:
उद्या डॉक्टर, वळांचं माप कागदावर येईल,
वकील पैसे घेणार नाही,
पासपोर्टचं वकिलातीत बघू, वेळ लागेल, पण बघू,
शाळा बुडणार नाही, बस मात्र ह्या दारात येणार नाही.
हेमांगीने सगळं ऐकलं आणि विचारलं,
"ह्यांच्या डब्याचं काय?"
मी थांबले. लुलवा माझ्या तोंडाकडे बघत होती.
तेही सांगितलं. काम आहे.
ती हसली नाही. म्हणाली,
"पहिल्या दिवशी सगळ्या हेच विचारतात."

निघताना ओवी चपलांपाशी आली.
"आता तू सांगणार सगळं?"
हो.
"मग मी नको?"
तू नको.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं,
दुकानदार नोट उजेडात धरून बघतो तसं.
मग आत पळाली,
आणि आतून ओरडली, चक्क मराठीत,
कुणाला कळो न कळो:
"पिवळा खडू माझा आहे!"