थंडीची वही

दुधाच्या हिशेबाच्या वहीत हिनं यंदा थंडी लिहिली.
पडवीच्या खांबाला तापमापक,
पहाटे चारला उठून त्यावर टॉर्च मारायची,
पारा सात अंशांच्या खाली राहिला
तेवढ्या तासांच्या उभ्या रेघा.
चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी.
मार्गशीर्षात बऱ्या पडल्या. पौषात मधेच ढग आले
आणि आठवडाभर पान कोरं.
शिवरात्रीच्या आत बेरीज केली:
एकशे बासष्ट.

बुधवारच्या बाजारातून खाली उतरलं की
इलाही बागवानाची रोपवाटिका.
त्यानं वही उलटीसुलटी पाहिली,
दूध समजून म्हणाला, एवढं पिता?
मग समजल्यावर टोपी काढून डोकं खाजवलं.
पाचगणीत थंडी मोजून आणणारं गिऱ्हाईक
त्याला पहिलंच.

शिमल्याकडचं नासपतीचं झाड नको, म्हणाला,
ते हजार तास मागतंय.
जगंल हितं, पानं पण काढंल,
पर झोपायचं न्हाई.
आन जे झोपलंच न्हाई, ते फुलंल कशाला?

उरल्या दोन.
पत्थरनाख मला नावावरूनच पटली.
कर्रकन तुटते, दाताखाली बारीक रेती येते,
पण फळ गडगडत गेलं तरी फुटत नाही.
मोजणी खात्यात चौतीस वर्षं हद्दीचे दगड पाहिले,
दगडावर माझा विश्वास बसतो.
हिला बग्गुगोशा हवी, लोण्यासारखी.
उजवीकडच्या दाढा गेल्यात,
आणि कवळी ही फक्त लग्नकार्याला घालते.

जागा एकाच झाडाची.
तीन गुंठ्यांत घर, पाण्याची टाकी,
वाऱ्याला आडवे दोन सिल्व्हर ओक,
आणि भिलाऱ्यांच्या स्ट्रॉबेरीवर सावली पडू देणार नाही
असा कुंपणावरून दिलेला शब्द.

तर एकच द्या, मी म्हणालो.
इलाही हसला. एकटं झाड फुलतंय झकास,
पर फळ धरत न्हाई.
माशी दुसऱ्या जातीवरनं आली पायजे.
जातीत जात लावली की नुस्ता फुलोरा, साहेब.

जात म्हणाला
तेव्हा आम्ही दोघं कलमांकडेच बघत होतो.

एकोणऐंशी साली वाईत, गंगापुरीत,
खोली बघायला गेलेलो.
मालकानं चहा दिला, भाडं सांगितलं,
किल्ली टेबलावर ठेवली,
मग विचारलं.
आम्ही दोघांनी दोन उत्तरं दिली,
दोन्ही खरी.
किल्ली टेबलावरच राहिली.
चहा चांगला होता, ही अजून म्हणते.

इलाहीला यातलं काय ठाऊक?
तो कलमाचा सांधा दाखवत होता,
खाली रानटी खुंट, वर डोळा बांधलेला,
मधे पट्टी. ही पट्टी पावसाळ्याआधी सोडायची,
न्हाईतर रुतती.

घरी आलो आणि टाकी हलवली.

दोन खड्डे, पंधरा फुटांवर. टेप मी धरली,
खुंट्या मी ठोकल्या,
शेणखत आणायला मागे वळलो तेवढ्यात
हिनं एक खुंटी हातभर अलीकडे घेतली.
पाहिलं मी. खात्यात असतो
तर पंचनामा केला असता.

आता काठ्याच दिसतात दोन, पानं नसलेल्या.
धोमच्या पाण्यावरून येणारं धुकं
संध्याकाळी दोन्हींना सारखंच गिळतं.
इलाहीनं दोघींना पत्र्याच्या पट्ट्या बांधून दिल्या होत्या,
खिळ्यानं कोरलेली नावं.
हिनं त्या सोडवल्या,
थंडीच्या वहीत ठेवल्या,
आणि कुठली कुठल्या झाडाची
ते लिहिलं नाही.

मी विचारलं.
म्हणाली, खाऊन कळेल.