सव्वाअकराची गोळी

एवारिस्तो उंबऱ्यापाशी थिजलाय.
पाय फरशीत, डोळे माझ्याकडे.
सव्वाअकराची गोळी अजून अंगात भिनायचीय,
आणि खाली मुरोसच्या धक्क्यावर
तारल्यांचा लिलाव सुरूही झाला.

चूक माझीच. अकराला पाव-चीज वाढलं.
डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आधी गोळी, चीज तासाभराने.
पण बेचाळीस वर्षं बोटीवरून आल्याआल्या
ह्याने तेच मागितलं.

भरती-ओहोटीचा तक्ता बंदरावर छापून मिळतो.
ह्याचा मी फ्रिजवर लिहिते, पेन्सिलीने;
खोडरबर शेजारीच टांगलेलं.

"ओलांड," म्हणते, काठी आडवी टाकून.
तो बघतो. काठी म्हणजे दोर,
दोर म्हणजे बोट.

उचलला एकदाचा उजवा.

लिलाव संपला असेल. मांजरांपुरतं
काहीतरी उरलंच असेल की.