चुलीचे दगड

कौतोकेइनोत नोव्हेंबरच्या शेवटी
सूर्य दक्षिणेच्या टेकडीमागून नुसता खाकरतो,
उंबरा ओलांडत नाही.
त्या आठवड्यात आठवीतल्या सुन्नानं विचारलं,
"टोरलाइफ, तो स्फोट झाला नेमका कुठं?"

मी भौतिकशास्त्र शिकवतो,
आणि शाळा लहान म्हणून सुतारकामही.
पेट्रोल पंपावरच्या दुकानातून एक लाल फुगा आणला होता.
शाईचे ठिपके काढले, गाल दुखेपर्यंत फुगवला.
बघा, म्हटलं, प्रत्येक ठिपक्याला वाटतं
बाकीचे सगळे आपल्यापासूनच पळतायत.
यात मधला कोण?
"मधे हवा आहे," सुन्ना म्हणाली. "म्हणजे केंद्र आत आहे."
आतलं धरायचं नाही. फक्त रबर धरायचं.
"का?"
का, ते मला माहीत होतं. सांगता येत नव्हतं.
घंटा धावून आली माझ्या मदतीला.

दुसऱ्या सकाळी खिडकीपाशी
थंडीनं सुरकुतून पडलं होतं विश्व,
ठिपके एकमेकांना बिलगलेले.

रविवारी मी हालवारला फोन लावतो.
मुलगा आधी बर्गनला होता, मग लंडनला, आता पर्थला.
जे जितकं लांब, ते तितक्या वेगानं लांब जातं,
हे मला पुस्तकात वाचावं लागलं नाही.
त्याच्याकडे उन्हाळा असतो. तो म्हणतो,
"बाबा, तू तिकडे अगदी टोकाला राहतोस."
मी म्हणतो, हो.

एप्रिलात सुन्नाच्या बापाला, इस्सातला,
पेट्रोलचे कॅन ओढायला माणूस हवा होता.
रेनडिअरचा कळप समुद्राकडे निघाला होता.
तीन दिवस मी पुढच्या बर्फगाडीचा धूर खाल्ला.
चौथ्या दिवशी एका उघड्या पडलेल्या उतारावर
इस्सात थांबला, बुटानं शेवाळ खरवडलं.
दगड. लांबट गोलात मांडलेले, अर्धे जमिनीत.
"आत्याची चूल," म्हणाला.
"ती पलीकडची तिच्या आधीच्यांची. त्यापलीकडची कुणाची, ठाऊक नाही."
तळ्यापर्यंत मी अकरा मोजल्या.

तंबूत सगळं विस्तवापासून मोजायचे, तो सांगत होता.
दार इतकं, भांडी इतकी,
म्हातारी माणसं कुठं, पाहुणा कुठं, कुत्रं कुठं.
निघताना काठ्या घ्यायच्या, कापड घ्यायचं, किटली घ्यायची.
"आणि दगड?"
"दगड कोण वाहणार? पुढं दगड असतातच."

जुने लोक म्हणायचे,
ध्रुव हा आभाळाचा खिळा, त्यावर सगळं टांगलेलं.
इस्सातनं हे सांगितलं ते
भाड्याच्या घराचा जुना करार दाखवावा तसं.

सुन्ना आत्याच्या चुलीत जाऊन बसली,
तोंडात सुकं मांस.
"इथं झाला," ती म्हणाली.
मग उठून पुढच्या गोलात. "इथंही."
मग धावत, बर्फात गुडघ्यापर्यंत रुतत,
"इथंही! इथंही!"
तिचा आवाज लहान होत गेला.
दोन रेनडिअर माना वर करून बघत राहिले.
अकराव्या चुलीनंतर दगड नव्हते,
तरी ती थांबली नाही.
मला वाटलं, हिला हाक मारावी,
सांगावं, बरोबर आहे, पूर्ण गुण.
पण इतक्या लांब आवाज पोचला नसता,
आणि गुण देणारा मी कोण?

इस्सातनं आत्याच्याच दगडांत काटक्या पेटवल्या, कॉफी ठेवली.
मी उत्तरेला बसलो. धूर डोळ्यांत.
उठून दक्षिणेला बसलो. धूर दक्षिणेला.
पूर्वेला सरकलो.
इस्सात किटलीकडे बघत हसला,
"बस रे एका जागी. तुलाच शोधत येतो तो."
डोळे पुसत मी म्हटलं, तुझ्याकडे नाही येत?
त्यानं मान वर केली.
त्याचेही डोळे लाल होते.