परका टाका

सुभाषनगरात सकाळी नऊला
आबांनी माझी डावी चप्पल पालथी केली,
कपाळावरचा चष्मा खाली ओढला.
"हे कुणी शिवलंय?"

मी महालक्ष्मीनं नुकताच उतरलेलो.
(मी 'उतरलो'च म्हणतो. व्हिएन्नात पुण्याची एक पोरगी भेटलेली,
सारखी सुधारायची, 'उतरले' म्हण गं.
चार दिवस प्रयत्न केला. नाही जमलं.)
सॅक दारातच, चपलांच्या तळांच्या ढिगाला टेकून.
इंदुमती काकू पाटावरनं वेणी घालत विचारत होती,
काय काय बघितलंस?
रोम सांगितलं. व्हिएन्ना सांगितलं.
हे गाव सांगितलं नव्हतं,
कारण ते बघायचं नव्हतंच.
गाडी बदलायची म्हणून उतरलो, नऊ तास,
आणि नाव असं की जीभ दोन ठिकाणी मुरगळते.
ल्युब्लियाना.
"लुबलाना," आबा म्हणाले,
आणि पुढं बोल म्हणून आरी हलवली.

तर लुबलानात, आबा,
हिरव्या नदीवर तीन पूल एकमेकांना चिकटून.
एकात भागलं असतं.
टेकडीवर किल्ला. चढायला लागलो
आणि पन्नास पावलांवर अंगठा तुटला.
पाठीवर अकरा किलो, एक पाय चपलेत, एक गार दगडावर.
बूट होते की सॅकला लटकलेले.
नाही घातले. का ते विचारू नका.
लोक बघत होते, हसत नव्हते.
तिकडं हसत नाहीत, बाजूला होऊन वाट देतात,
त्यानं जास्तच एकटं वाटतं.

मग एका बोळात बुटाची पाटी.
आधी वास आला. आपला नव्हे,
बाभळीची साल नाही त्यात, हिरडा नाही,
कसलंतरी रसायन. पण त्याच्याखाली
कातडं ते कातडंच.
म्हातारा होता. एप्रनवर मेणाचे डाग.
त्यानं चप्पल वाकवून बघितली, नाकाशी नेली,
आईच्या वेणीवरनं सावकाश नख फिरवलं
आणि खिळ्यांची डबी उघडली.

"खिळा नको!"
मराठीत ओरडलो, आबा.
वीस दिवस इंग्रजी बोलून सुजलेल्या तोंडातनं
नेमकं तेच निघालं.
तो थांबला. डबी झाकली.
ड्रॉवरमधनं आरी काढली.
तशीच आरी. मूठ तेवढी गोल.

"डावखुरा होता?"
मी डोळे मिटून त्याचे हात आठवले.
होता.
"ओढ उलटी आहे. आणि नजर गेलीय त्याची,
हे बघ, दोन भोकं चुकवून परत पाडलीत.
कर्रकर्र पण घालवली. पण घाई नाही केली माणसानं."
मग, "घेतलं किती?"
चार युरो.
दगडूनं मोबाईलवर हिशेब काढला,
"चारशेच्या घरात जातंय की ओ!"
एका अंगठ्याला! सगळं दुकान हसलं.
आबा नाही हसले.
"पावती दिली?"
दिलेली. सॅकच्या आतल्या कप्प्यात,
तिकिटांच्या चुरगळ्यात.
आबांनी ती उलटसुलट बघितली,
वाचता येत असल्यासारखी,
आणि गल्ल्यात, लायटीच्या बिलाखाली ठेवली.

दुसऱ्याच्या हातचा टाका
आबा आमच्या दुकानात राहू देत नाहीत.
मिरजेच्या सख्ख्या साडूचासुद्धा उसवलेला.
रापी उचलली तेव्हा मी काही बोललो नाही.
त्यांनी फक्त लोंबणारा दोरा कापला,
तेलाचं बोट फिरवलं
आणि चप्पल माझ्या पायापाशी सरकवली.
मग चप्पल लाइनच्या ऑर्डरीतला पुढचा तळ घेतला.

काकू अजून वेणीत होती.
"आणि किल्ला गं? किल्ला कसा होता?"

लांबनं बरा दिसत होता, मी म्हणालो.