मागच्या खिशावरचं वर्तुळ

खाणीच्या तोंडाशी झडती व्हायची.
काडेपेटी, लायटर, सिगारेट, सगळं बाहेर.
खाली वायू; एक ठिणगी,
आणि अख्खी पाळी नावांची यादी होऊन वर आली असती.
डबीला मात्र कुणी हात लावत नसे.
डबी पेटत नाही.

एकोणीस वर्षांचा होतो. थोरला डेलमर म्हणाला,
ठेव ओठामागे, धूळ गिळण्यापेक्षा बरं,
तोंड ओलं राहतं.
सहाशे फूट खाली वेस्ट व्हर्जिनियाचा सगळा डोंगर
माझ्याभोवती गरगरला. मी टोपीत ओकलो.
अंधारात नऊ दिवे वळले
आणि हसले.
दुसऱ्या आठवड्यात मीच मागितली.

बत्तीस वर्षं. सोडलेले दिवस धरून.
सोडणं मला चांगलं येतं, सात वेळा सोडली आहे.
संपात सोडली होती, पण तेव्हा पैसेच नव्हते,
ती मोजत नाही.
एकदा नात, टिली, चार वर्षांची,
गाडीतल्या माझ्या थुंकायच्या कपातून प्यायली. तिला कोक वाटला.
तिचा चेहरा बघून मी डबी पुलावरून टग नदीत फेकली.
संध्याकाळी पेट्रोल पंपावर नवी घेतली.
गल्ल्यावरच्या बाईने विचारलंही नाही,
मला बघितलं की तिचा हात आपोआप
मागच्या फळीकडे जातो.

मग दातांच्या डॉक्टरणीने ओठ उलटा करून आरसा धरला.
पांढरा चट्टा, सुरकुतलेला,
फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटासारखा.
'सध्या काही नाही,' ती म्हणाली.
'सध्या' मी घरी घेऊन आलो.
जेवताना जिभेला लागत होता.

सूर्यफुलाच्या बिया. दालचिनीच्या काड्या.
पुदिन्याचा चुरा, त्याच डबीत भरून.
बाराव्या दिवशी कुत्र्यावर ओरडलो,
तेराव्या दिवशी कुत्र्याची माफी मागितली.
तलफ जेवणानंतर येते म्हणतात. येते, पण ती परवडली.
खरी वाईट वेळ म्हणजे
एखादं काम मनासारखं जमतं ती.
कुंपणाचा खांब ओळंब्यात बसतो,
मी दोन पावलं मागे सरकून बघतो,
आणि हात खिशाकडे जातो
शाबासकी मागायला.

डेलमर मार्चमध्ये गेला.
आधी अर्धा जबडा, मग तो.
जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात.
मेल्यावर तरी कुठे!
त्याच्या रस्टीने पेटीत, बापाच्या कोटाच्या खिशात,
नवीकोरी डबी सरकवली, सीलसुद्धा न तोडलेली.
बायका रडल्या. पाद्री उगाच खोकला.
मी पुढे झालो, भावाच्या हातावर हात ठेवला.
सगळ्यांना वाटलं, निरोप घेतोय.
माझी बोटं त्या खिशापासून चार इंचांवर होती.
मी इंच मोजत होतो.
झाकण लागलं तेव्हा रडलो,
कशासाठी, ते अजून नीट सांगता येत नाही.
बायकोलाही सांगितलेलं नाही.

आज एकशे सहावा दिवस.
तिने जीन्स दोरीवर टाकली आहे.
मागच्या उजव्या खिशावर एक पांढरट गोल,
डबीएवढा, कितीही धुतली तरी.
टाकून दे म्हणते. मी देत नाही.
चालताना ती बाजू हलकी लागते,
जिना उतरताना पायरी कमी पडावी तशी.
कधी कधी बोट आपणहून त्या गोलावर
दोनदा टिचकी मारतं,
चुरा खाली बसवायला मारायचो तशी.
आवाज येत नाही.
मी तरी जरा थांबतो.